कंपवातामागे विषाणूंचा हात आहे का?

वाळवा तालुक्यात ऊसशेती करणारे माझे एक नातेवाईक आहेत. सारी भावकी त्यांना तात्या म्हणते. त्यांना कंपवात, म्हणजेच पार्किन्सन आजार, असल्याचे मिरजेच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये सांगितले. २०२५ च्या पावसाळ्यात कोणीतरी त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर एक बातमी पाठवली की, कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत विषाणू सापडला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तात्यांचा कप, ताट आणि पंचा वेगळा झाला. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ‘विषाणू’ या शब्दाची धास्ती सांगली-साताऱ्यातल्या घरांनी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत पुरेपूर घेतली आहे. बातमीही खोटी नव्हती. फक्त तिचा अर्थ घरच्यांनी लावला तो नव्हता.

कप वेगळा करण्याचे काहीच कारण नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. कंपवात एकापासून दुसऱ्याला लागत नाही. वर्षानुवर्षे रुग्णाला भरवणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या माणसांना तो त्यामुळे झाल्याचे दिसलेले नाही. शास्त्रज्ञ विचारत असलेला प्रश्न वेगळा आहे. आयुष्यात कधीतरी होऊन गेलेला एखादा विषाणूसंसर्ग काही माणसांच्या मेंदूत अशी काही सुरुवात करून देतो का, की जिचा परिणाम वीस-तीस वर्षांनी कंपवाताच्या रूपाने दिसावा? या प्रश्नाचे उत्तर अजून हाती आलेले नाही, पण शंभर वर्षे चाललेला त्याचा शोध समजून घेण्याजोगा आहे.

त्याआधी आजाराविषयी थोडे. कंपवात म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो, परंतु काही रुग्णांचा हात कधीच थरथरत नाही. आजाराचा गाभा आहे तो हालचालींतला मंदपणा आणि ताठरपणा: सदऱ्याची बटणे लावायला दुप्पट वेळ लागणे, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, चेहरा भावहीन वाटू लागणे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा माणसांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन केले. त्यांतले काही जण तर त्यांना रस्त्यावर दिसलेले होते. आयुर्वेदात कंपवात हे नाव होतेच आणि त्यावर वापरल्या जाणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य असते, हे १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी दाखवून दिले. तात्यांना आज जी गोळी दिवसातून चार वेळा घ्यावी लागते, तिच्यातील मुख्य औषधही हेच.

मेंदू जिथे खाली पाठीच्या मज्जारज्जूला जोडला जातो, त्या देठाच्या वरच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सहज होतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. पेशींच्या आत प्रथिनाच्या गाठी दिसतात हे १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांनी नोंदवले, आणि त्या गाठी प्रामुख्याने अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या बनलेल्या असतात हे समजायला १९९७ साल उजाडले. विषाणूंच्या गोष्टीत हे प्रथिन पुढे पुन्हा येणार आहे.

या आजाराची सर्वांत अडचणीची बाजू म्हणजे तो दिसायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हात थरथरू लागेपर्यंत त्या पट्ट्यातील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असू शकतात. त्याच्या कित्येक वर्षे आधी वास येणे कमी होते, बद्धकोष्ठता सुरू होते, झोपेत माणूस स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडू लागतो. तासगाव किंवा कवठे महांकाळच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. वेलीची पाने या हंगामात पिवळी पडली, तरी खोडकिड्याची अळी आत कधी शिरली ते शोधायला मागच्या हंगामांकडे पाहावे लागते. कंपवाताच्या बाबतीत असे मागचे वीस-पंचवीस हंगाम तपासावे लागतात, आणि विषाणूचा माग काढणे त्यामुळेच इतके कठीण होऊन बसते.

विषाणूंवर पहिला संशय आला तो एका महासाथीच्या काळात. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून देशात शिरला आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्याची दुसरी, भयंकर लाट आली. मराठी मुलखात तिला मानमोडी म्हणत. भारतात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. साधारण त्याच सुमारास युरोपात आणि पुढे इतरत्र एक विचित्र आजार पसरला होता. व्हिएन्नाचे डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला एन्सेफलायटिस लेथार्जिका हे नाव दिले. रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, काहींच्या डोळ्यांची हालचाल थांबे, कित्येक दगावत. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कंपवातासारखी लक्षणे सुरू झाली, तीही ऐन तारुण्यात. १९२० चे दशक संपता संपता ही साथ विरली.

तेव्हापासून ‘मानमोडीमुळे कंपवात’ अशी एक समजूत रूढ झाली आणि अजूनही ती अनेक लेखांतून जशीच्या तशी उतरवली जाते. तिला तीन ठिकाणी तडे जातात. पहिली गोष्ट, झोपेच्या त्या आजाराचे सुरुवातीचे रुग्ण महासाथीची लाट येण्याच्या आधीचे आहेत. दुसरी, त्या काळातील रुग्णांच्या जपून ठेवलेल्या मेंदूच्या नमुन्यांत आधुनिक तंत्राने इन्फ्लुएन्झाची जनुके शोधण्यात आली, तेव्हा ती सापडली नाहीत; २०१२ मध्ये काही नमुन्यांत निराळ्याच, आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या गटासारखे कण दिसल्याचा दावा झाला. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्या रुग्णांच्या मेंदूत पेशी मेलेल्या होत्या, पण लेवी यांनी पाहिलेल्या प्रथिनाच्या गाठी सहसा नव्हत्या, दुसऱ्याच प्रकारचे गुंते होते. म्हणजे बाहेरून दिसणारे रूप सारखे, पण आतला आजार वेगळा.

डॉक्टर ‘पार्किन्सन आजार’ आणि ‘पार्किन्सनसदृश लक्षणे’ असे दोन शब्द वापरतात ते याचसाठी. तो काळसर पट्टा कोणत्याही कारणाने दुखावला तरी लक्षणे सारखीच दिसतात. जपानी मेंदूज्वराचे उदाहरण घेता येईल. क्युलेक्स डासांमुळे पसरणारा हा विषाणू मेंदूच्या नेमक्या याच भागांत शिरू शकतो, आणि तापातून उठलेल्या रुग्णाचा चेहरा निर्विकार होणे, अंग ताठरणे, हात कापणे असे प्रकार दिसतात. मात्र पुष्कळ रुग्णांत ही लक्षणे महिन्यांमागून महिने कमी होत जातात, तर खरा कंपवात दरवर्षी एकेक पाऊल पुढे टाकतो. विषाणू त्या पट्ट्याला इजा करू शकतो, एवढे यावरून निर्विवाद सिद्ध होते. नेहमीच्या, साठीनंतर येणाऱ्या कंपवाताचे मूळ विषाणूत आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

इथे विषाणूंशी संबंध नसलेली एक घटना सांगणे आवश्यक आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे अचानक लाकडासारखी ताठ होऊन रुग्णालयात आली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचे रसायन अनवधानाने तयार झाले होते आणि त्याने त्यांच्या डोपामिनच्या पेशी मारल्या होत्या. अशा काही रुग्णांचे मेंदू अनेक वर्षांनी, त्यांच्या मृत्यूनंतर तपासले गेले, तेव्हा विष केव्हाच संपलेले असूनही त्या पट्ट्यात दाह अद्याप चालू असल्याचे दिसले. चुलीतला निखारा विझल्यासारखा वाटावा आणि राखेखाली धुमसत राहावा, तशी ही गत. विषाणूंचा अभ्यास करणाऱ्यांना हा धागा मोलाचा वाटला. रुग्णाच्या मेंदूत आज विषाणू सापडला नाही, म्हणून तो कधी आलाच नव्हता असे म्हणता येत नाही. तो फटका मारून पसार झालेला असू शकतो. अर्थात हाच युक्तिवाद धोकादायकही आहे, कारण पुरावा न सापडणे हाच पुरावा मानायला लागलो, तर मग कोणावरही आरोप ठेवता येईल.

म्हणून संशोधक जुन्या नोंदींकडे वळले. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक कायमचा क्रमांक आहे आणि १९७७ पासून रुग्णालयांतील निदानांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील कंपवाताचे १०,२७१ रुग्ण आणि त्यांच्याच वयाची, कंपवात नसलेली पाचपट माणसे निवडून, पूर्वी कोणाला इन्फ्लुएन्झाचे निदान झाले होते ते पाहण्यात आले. ज्यांना दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी तसे निदान झाले होते, त्यांच्यात कंपवाताची शक्यता सुमारे पावणेदोनपट आढळली. पावणेदोनपट हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. समजा, एका विशिष्ट वयाच्या हजार माणसांपैकी दहांना हा आजार होत असेल, तर पावणेदोनपट म्हणजे सतरा-अठरा. उरलेल्या नऊशे ऐंशीहून अधिक माणसांना फ्लू होऊनही काही झालेले नसते.

या आकड्याकडे सावधपणे पाहण्याची आणखीही कारणे आहेत. फ्लू झालेली बहुतेक माणसे रुग्णालयात जातच नाहीत, त्यामुळे नोंदीत आलेले लोक मुळातच थोडे आणि अधिक आजारी होते. प्रत्येक निदान प्रयोगशाळेत तपासून केलेले नव्हते. ‘दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी’ ही अट मात्र संशोधकांनी फार विचारपूर्वक घातली आहे. कंपवात दिसण्याच्या आधीची पाच-सात वर्षे माणूस आतून आजारी असतोच, तो दवाखान्यात जास्त फेऱ्या मारतो, आणि तेव्हा झालेला संसर्ग हा कंपवाताचे कारण असण्याऐवजी त्याचा परिणाम असू शकतो. बैल आणि गाडी यांत पुढे कोण होते हे ठरवायचे असेल, तर इतके मागे जावे लागते.

आपल्याकडे असा अभ्यास का होत नाही, असे मला एका तरुणाने विचारले होते. त्याचे उत्तर आपल्या कपाटात आहे. ‘व्हायरल आहे’ एवढ्या निदानावर माणूस इंजेक्शन आणि सलाईन घेतो, तिसऱ्या दिवशी उसाला पाणी द्यायला जातो, कोणता विषाणू होता याची तपासणी होत नाही, आणि केसपेपर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. चाळीस वर्षांपूर्वीच्या तापाचा हिशेब मग मांडायचा कशावरून?

फ्लूइतकाच, किंबहुना थोडा अधिक, गंभीरपणे घेतलेला धागा यकृताच्या विषाणूंचा आहे. तैवानमधील नोंदींवरून हिपॅटायटिस सी झालेल्यांत कंपवात अधिक दिसतो असे २०१५ च्या सुमारास लक्षात आले. २०१७ मध्ये इंग्लंडमधील रुग्णालयांच्या नोंदींवरून हिपॅटायटिस बी झालेल्यांत सुमारे पावणेदोनपट आणि सी झालेल्यांत सुमारे दीडपट प्रमाण आढळले. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या यकृतदाहाच्या रुग्णांत मात्र तशी वाढ नव्हती. ही तुलना फार उपयोगी आहे, कारण दोष केवळ बिघडलेल्या यकृताचा असता तर तो तिसऱ्या गटातही दिसला असता. पुढे २०१९ मध्ये तैवानमधूनच माहिती आली की, हिपॅटायटिस सी वर विषाणुरोधक उपचार घेतलेल्यांत कंपवाताचे प्रमाण उपचार न घेतलेल्यांपेक्षा एक चतुर्थांशाहून अधिक कमी होते. विषाणू काढला आणि धोका घटला, हे वाक्य कोणालाही मोहात पाडेल. पण उपचार घेऊ शकणारी माणसे बहुधा मुळातच धडधाकट असतात, ही शंका अशा प्रत्येक अभ्यासाच्या मागे लागून राहते.

आमच्या भागापुरती आणखी एक गुंतागुंत आहे. द्राक्षबागेत औषध मारणे हा सांगली जिल्ह्यातल्या हजारो माणसांचा रोजचा उद्योग आहे. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक यांचा वापर केलेल्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट असल्याचे अमेरिकेतील शेतकऱ्यांवरच्या २०११ च्या अभ्यासात दिसले होते. आता एखाद्या माणसाने वीस वर्षे फवारणी केली असेल, त्याला कधीतरी कावीळही होऊन गेली असेल आणि घराण्यातही एक-दोघांचे हात कापत असतील, तर त्याच्या कंपवाताचे खापर कोणाच्या माथी फोडायचे? बहुतेक संशोधकांचे मत आता असे झाले आहे की, एकच कारण शोधण्याचा हट्ट सोडावा. डाऊनी हा बुरशीचा रोग पडायला द्राक्षाच्या पानावर ओल लागते, हवेत बुरशीचे बीज लागते आणि पान कोवळे असावे लागते. तिन्ही जुळून आले की रोग पडतो. कंपवाताचेही असेच काहीसे असावे, आणि विषाणू हा त्या जुळणीतला एक घटक असू शकतो.

हे केवळ उपमेपुरते राहिलेले नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात उंदरांना २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूचा संसर्ग दिला गेला. हा विषाणू त्यांच्या मेंदूत शिरत नाही, तरीही शरीरभर उठलेल्या दाहामुळे मेंदूतील संरक्षक पेशी खवळून उठतात. उंदीर बरे झाल्यावर त्यांना वर सांगितलेले एमपीटीपी दिले असता, नुसते एमपीटीपी दिलेल्या उंदरांपेक्षा त्यांच्या डोपामिनच्या पेशी अधिक मेल्या. आधी लस टोचलेल्या किंवा संसर्गात विषाणुरोधक औषध दिलेल्या उंदरांत ही जादा हानी झाली नाही. बर्ड फ्लूच्या विषाणूचा प्रयोग त्याआधी, २००९ मध्ये झाला होता. तो विषाणू मात्र नसांमधून प्रवास करत उंदरांच्या मेंदूत पोचला, आणि तो नाहीसा झाल्यावरही दाह टिकून राहिला. साठ दिवसांनी डोपामिनच्या पेशी घटलेल्या होत्या आणि अल्फा-सायन्युक्लिन साचू लागले होते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. तरी दोन वेगवेगळ्या वाटांनी विषाणू एकाच ठिकाणी हानी करू शकतो, हे यातून उघड झाले.

मला या सगळ्या शोधात सर्वांत विलक्षण वाटते ती अल्फा-सायन्युक्लिनची कथा. हे प्रथिन आपल्या नसांमध्ये मुळात असतेच कशाला, असा प्रश्न काही संशोधकांनी विचारला. २०१५ मध्ये असे दिसले की, ज्या उंदरांच्या शरीरात हे प्रथिन तयारच होत नाही, त्यांना वेस्ट नाइल विषाणूचा संसर्ग झाला असता त्यांच्या मेंदूत विषाणू अधिक वाढतो आणि ते अधिक संख्येने मरतात. २०१७ मध्ये आतड्याचे प्रत्यारोपण झालेल्या मुलांचे नमुने तपासताना आढळले की, नोरोव्हायरसचा, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या एका विषाणूचा, संसर्ग झाल्यावर आतड्याच्या भिंतीतील नसांमध्ये अल्फा-सायन्युक्लिन वाढते आणि ते संरक्षक पेशींना तिकडे खेचून आणते. ज्याला आपण आजाराचा गुन्हेगार समजत होतो, तो मुळात दारावरचा राखणदार असावा, असा याचा अर्थ. राखणदार वारंवार आणि दीर्घकाळ कामाला लागला, किंवा वय झाल्यावर शरीराला त्याला आवरता आले नाही, तर त्याच्याच गाठी होऊन बसतात, अशी ही कल्पना आहे. जर्मनीचे हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडले होते की कंपवाताची सुरुवात बहुधा मेंदूत न होता आतड्यात आणि नाकातील गंधाच्या नसांत होते आणि तेथून ती वर सरकते. नाक आणि आतडे ही विषाणूंच्या प्रवेशाची नेहमीची दारे आहेत, आणि वास जाणे व बद्धकोष्ठता ही कंपवाताची सर्वांत आधीची लक्षणे आहेत. योगायोग म्हणून हे सोडून देणे मला तरी जड जाते.

आता तात्यांच्या घरात पोचलेल्या बातमीकडे येऊ. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात इगोर कोरालनिक यांच्या गटाने, माणसाला होऊ शकणारे सर्व ज्ञात विषाणू एकाच वेळी शोधणारी पद्धत वापरून, मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले आणि जुलै २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कंपवात असलेल्या दहा मेंदूंपैकी पाचांत पेगीव्हायरस नावाचा विषाणू मिळाला. कंपवात नसलेल्या चौदांपैकी एकाही मेंदूत तो नव्हता. हा विषाणू हिपॅटायटिस सी च्याच कुळातला आहे, रक्तातून पसरतो आणि आजवर त्याच्यामुळे कोणताही आजार होतो असे मानले जात नव्हते. ज्यांच्या मेंदूत तो होता, त्यांच्यातील मेंदूचे बदलही अधिक पसरलेले दिसले. शिवाय हजाराहून अधिक लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून असे लक्षात आले की, कंपवाताशी जोडल्या गेलेल्या एलआरआरके-२ या जनुकाच्या प्रकारानुसार शरीर या विषाणूला वेगवेगळा प्रतिसाद देते.

पाच विरुद्ध शून्य हे प्रमाण डोळ्यांत भरते, पण तुलना एकूण चोवीस मेंदूंचीच आहे. विषाणूने आजार घडवला, की आजाराने खिळखिळ्या झालेल्या मेंदूत विषाणूला शिरकाव मिळाला, हे मृत्यूनंतरच्या नमुन्यावरून सांगता येत नाही. पडक्या वाड्यात घुबड दिसले म्हणून घुबडाने वाडा पाडला असे कोणी म्हणत नाही. आणि पाच मेंदूंत विषाणू नव्हता, तरी त्या पाच जणांना कंपवात झाला होता, ही बाब बातमीत बहुधा शेवटच्या ओळीत असते.

पक्का पुरावा कसा असतो हे पाहायचे असेल, तर मल्टिपल स्क्लेरोसिस या दुसऱ्या मज्जाविकाराचे उदाहरण आहे. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक तरुणांचे रक्त वर्षानुवर्षे साठवले गेले होते. त्यावरून २०२२ मध्ये दाखवण्यात आले की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर या आजाराचा धोका बत्तीसपट होतो, आणि संसर्ग आधी, आजार नंतर, हा क्रमही रक्तातूनच स्पष्ट झाला. कंपवातात आपण पावणेदोनपटीवर आहोत. दुसरा मार्ग लसीचा आहे. वेल्समध्ये नागिणीची लस २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळेल असा नियम होता. त्या तारखेच्या जरा अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या माणसांत दुसरा कोणताच फरक नसल्यामुळे त्यांची तुलना जवळपास प्रयोगासारखीच ठरली, आणि लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी निघाले. कंपवातासाठी अशी चिठ्ठी टाकल्यासारखी तुलना कोणी करून दाखवली, तर या प्रश्नाचे वजन एका रात्रीत बदलेल.

आमच्या भागात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न मात्र कोविडचा आहे. कोविडनंतर काही आठवड्यांत कंपवातासारखी लक्षणे आल्याच्या तुरळक नोंदी २०२० पासून प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि विषाणूतील एक प्रथिन अल्फा-सायन्युक्लिनच्या गाठी होण्याचा वेग वाढवते हे परीक्षानळीत दिसले आहे. तरी काही आठवड्यांत इतक्या पेशी मरून कंपवात उभा राहावा, हे त्या आजाराच्या संथ चालीशी जुळत नाही. आधीच पोखरलेल्या मेंदूला तापाने धक्का दिला आणि दडलेला आजार उघडा पडला, असे अशा वेळी समजणे अधिक सयुक्तिक ठरते. मानमोडीच्या काळातल्यासारखे काही वीस वर्षांनी दिसेल का, हे त्यासाठी तेवढी वर्षे नोंदी ठेवल्यावरच कळेल.

तात्यांना २०२१ च्या मे महिन्यात कोविड झाला होता आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला, त्यामुळे घरात कोणालाच शंका नव्हती. गेल्या तपासणीच्या वेळी मी त्यांच्यासोबत मिरजेला गेलो होतो. पेगीव्हायरसवर काही गोळी आहे का, असे मुलाने विचारले. डॉक्टरांनी सांगितले की नाही, आणि असती तरी आज ती देण्याला आधार नाही. फ्लूची लस मात्र साठीच्या पुढच्या माणसाने फ्लूपासून बचावासाठी म्हणून घ्यावी, कंपवात टळेल या आशेने नव्हे. मग त्यांनी चक्कर किंवा उलटी थांबवण्याच्या कोणकोणत्या गोळ्या घरात आहेत ते विचारले, कारण त्यांतल्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्याने हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे येतात आणि गोळ्या बंद केल्यावर बहुधा जातात. अशा गोळ्या तात्यांना चालू नव्हत्या. शेवटी डॉक्टर काकूंकडे वळून म्हणाले, “यांना वास कधीपासून येत नाही?”

काकू म्हणाल्या, “कोविडात गेलाच होता, डॉक्टर. पण त्याच्या आधीबी, धाकट्याचं लगीन झालं त्या साली, गुऱ्हाळावर काकवी करपली होती आन् हे शेजारी बसून होते. सगळ्या शिवाराला वास आला, यांना न्हाई.”

धाकट्याचे लग्न २०१४ च्या मार्चमध्ये झाले होते. डॉक्टरांनी केसपेपरवर कोविडच्या तारखेच्या वर ती तारीख लिहिली.